प्लायवर रबर चिकटवताना: तयारीपासून काठाच्या टेपपर्यंत

आमच्या टेबल टेनिस क्लबात रबर चिकटवायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे येतं. त्यातली निम्मी कामं नवी नसतात, बिघडलेली असतात. कुणाच्या बॅटचा कोपरा उचललेला, कुणाच्या मधोमध फुगा, कुणाचं रबर महिन्याभरात आक्रसून काठाला लाकडाची पट्टी दिसायला लागलेली. रबरची एक चांगली शीट आज काही हजारांना पडते आणि ती अर्ध्या तासाच्या घाईत वाया जाते. पालक पोटाला चिमटा काढून रबर घेतात, म्हणून हे बघताना जीव तुटतो.

एवढ्या बॅटी उघडून बघितल्यावर मला दोनच मोठी कारणं दिसली आहेत. एक, ग्लू पूर्ण वाळायच्या आत रबर ठेवलेलं असतं. दोन, रबर ओढून बसवलेलं असतं. बाकी चुका यांच्याच लेकी. खालचे टप्पे या दोन गोष्टी डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहेत. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

## आधी नावांचा घोळ

दुकानात “बॅट द्या” म्हटलंत तर रबर लावलेली तयार बॅट हातात पडते. नुसतं लाकूड हवं असेल तर आपल्याकडे “प्लाय” म्हणतात. नियमपुस्तकात त्याच लाकडाला ब्लेड आणि पूर्ण वस्तूला रॅकेट म्हटलेलं असतं. त्यात आणखी गोंधळ असा, की लाकडाच्या थरांनाही प्लायच म्हणतात. त्यामुळे “पाच प्लायचा प्लाय” हे वाक्य ऐकलंत तर बोलणारा चुकलेला नाही, तो पाच थरांच्या लाकडाबद्दल बोलतो आहे.

“रबर” म्हणजे वरची रबरी कातडी आणि तिच्या खालचा स्पंज, दोन्ही मिळून. हा लेख अशा स्पंजवाल्या रबरसाठी आहे. बिनस्पंजाचे लाँग पिंपल्स, म्हणजे वर लांब दाणे असलेलं रबर, लावायचे असतील तर ओल्या ग्लूच्या वाटेला जाऊ नका. पातळ रबर ग्लूच्या पाण्याने सुरकुततं. त्यासाठी तयार चिकट शीट मिळते, तीच वापरा.

तयार बॅटचं रबर काढून तिथे नवं लावायचा विचार असेल तर थांबा. कारखान्यात बहुतेक वेळा ते कायमचं चिकटवलेलं असतं. काढताना स्पंज फाटून लाकडावर राहतो, किंवा लाकडाचा वरचा थरच सोलून येतो.

## टप्पा १: सामान आधी जमवा

ग्लू लावून झाल्यावर कात्री शोधायला उठणं ही नेहमीची चूक. पुढचं सगळं टेबलावर मांडूनच बाटली उघडा:

- टेबल टेनिससाठीचा पाण्यावर आधारलेला ग्लू
- ग्लू पसरायला स्पंजचा छोटा तुकडा आणि तो धरायला चिमटा
- स्वच्छ, गोल लाटणं किंवा जाड पुठ्ठ्याची नळी
- नव्या पात्याचा कटर किंवा शिंप्याची लांब पात्याची कात्री
- कापताना खाली घ्यायला कटिंग मॅट किंवा जाड पुठ्ठा
- बारीक पॉलिश पेपर, पेन्सिल, पट्टी
- दोन-तीन जाड पुस्तकं आणि काठाची टेप

लाटणं स्वयंपाकघरातलं चालतं. मात्र त्यावर तेलाचा किंवा पिठाचा अंश नको. तेलकट लाटण्याचा डाग रबरवर उतरतो आणि त्या जागी बॉल घसरतो.

ग्लूच्या बाबतीत तडजोड नको. सुतारकामाचा पांढरा गोंद वाळल्यावर कडक होतो. रबर घट्ट बसल्यासारखं वाटतं खरं, पण बदलायची वेळ आली की लाकडाचे तंतू घेऊनच निघतं. चपलांचं किंवा पंक्चरचं वासाचं सोल्यूशन तर त्याहून वाईट. त्यातल्या द्रवाने स्पंज फुगतो. आमच्याकडची एक मुलगी स्पर्धेच्या आदल्या रात्री पंक्चरचं सोल्यूशन लावून आली होती. सकाळपर्यंत रबर भाजलेल्या पापडासारखं काठांनी वर वळलं होतं. तिच्याकडे दुसरी बॅट नव्हती.

शिवाय अशा वाफ सोडणाऱ्या द्रवाच्या ग्लूवर आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाने १ सप्टेंबर २००८ पासून बंदी घातली आहे. बॅटमधून अशी वाफ येते का, हे मोठ्या स्पर्धांत यंत्रावर तपासलं जातं. बंद खोलीत त्या वासात बसून काम करणं मुलांच्या तब्येतीलाही बरं नाही.

तपासणी: ग्लूची बाटली उघडून बघा. द्रव दुधासारखा पांढरा आणि एकसारखा असावा. गुठळ्या दिसत असतील किंवा तळाशी रबरासारखा गोळा झाला असेल तर ती बाटली बाद.

नवं रबर असेल तर पाकीट दोन-तीन दिवस आधी उघडून शीट सावलीत, हवेशीर जागी ठेवा. कारखान्यातला वास उडून जातो.

## टप्पा २: जुनं रबर काढा

नव्या प्लायवर पहिल्यांदाच रबर लावणाऱ्यांनी हा टप्पा सोडून पुढे जावं.

मुठीजवळचा एक कोपरा नखाने सोडवा. सुटलेला भाग जवळजवळ उलटा दुमडून, लाकडाच्या पृष्ठभागालगत, तिरपा आणि हळू ओढा. सरळ वर खेचू नका. प्लायच्या वरच्या थराचे तंतू मुठीकडून टोकाकडे धावतात. खसकन ओढलंत की त्यांतला एखादा फास, म्हणजे लाकडाची सुटलेली बारीक ढलपी, बनून रबरबरोबर लांबवर सोलत जातो.

सावध: कर्रकन आवाज आला किंवा रबरला लाकडाचा बारीक तंतू चिकटलेला दिसला, की तिथेच थांबा. रबर परत खाली बसवा आणि विरुद्ध बाजूने सुरुवात करा. उचललेला फास तोडून टाकू नका. त्याखाली सुतारकामाच्या गोंदाचा एक थेंब काडीने सोडा, फास दाबून बसवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. हा पांढरा गोंद लाकडाच्या दुरुस्तीपुरता योग्य आहे.

आता जुना ग्लू. तो लाकडावर पातळ, पारदर्शक पापुद्र्यासारखा असतो. काठाजवळ अंगठा घासा, त्याची छोटी गोळी होईल. तीच गोळी पुढे फिरवत नेली की बाकीचा ग्लू तिला चिकटत येतो. लाडू वळताना पातेल्याच्या कडेचं मिश्रण गोळा करावं तसं हे काम आहे, सुरी किंवा ब्लेड अजिबात नको. पाच-सात मिनिटांत लाकूड मोकळं होतं.

जुनं रबरच परत लावायचं असेल तर स्पंजवरचा ग्लू काढताना फार जपा. कोपऱ्यापासून सुरुवात करा. स्पंजचे कण सुटायला लागले तर तेवढा ग्लू तसाच राहू द्या. फाटलेल्या स्पंजपेक्षा तो परवडला. पण सहज निघणारा ग्लू आळसाने ठेवू नका. थरावर थर चढले की पृष्ठभाग उंचसखल होतो आणि जाडी वाढते. नियमाप्रमाणे रबर, स्पंज आणि ग्लू मिळून एका बाजूची जाडी ४ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. जाड स्पंजची रबरं आधीच या मर्यादेच्या जवळ असतात.

## टप्पा ३: लाकूड तयार करा

कापसाचा बोळा घ्या आणि प्लायच्या दोन्ही बाजूंवरून अलगद फिरवा. कापसाचे तंतू जिथे अडकतील तिथे फास आहे. डोळ्यांना न दिसणारे फास बोळा दाखवतो. त्या जागी बारीक पॉलिश पेपर तंतूंच्या दिशेने दोन-तीन वेळाच फिरवा. घासत बसू नका, वरचा थर बहुतेक प्लायमध्ये अगदी पातळ असतो.

वरचा थर लिंबा (आफ्रिकी लाकूड) किंवा हिनोकी (जपानी सायप्रस) यांसारख्या लवकर फास सुटणाऱ्या लाकडाचा असेल तर वॉर्निशचा एक हात द्यावा. पाण्यात मिसळणारं वॉर्निश मऊ कापडाला किंचित लावा आणि लाकूड पुसल्यासारखं एकदाच फिरवा. मग पूर्ण दिवसभर वाळू द्या. पावसाळ्यात दीड दिवस.

सावध: “एक हात बरा तर तीन हात आणखी बरे” हा हिशेब इथे चालत नाही. वॉर्निशचा जाड थर लाकूड कडक करतो. बॉल बॅटवर आल्यावर हाताला जी जाणीव व्हायची ती बदलते, आणि गुळगुळीत चकचकीत पृष्ठभागावर ग्लूही नीट धरत नाही. मुठीला वॉर्निश लावूच नका, तिने घाम शोषायला हवा.

मुठीच्या दोन्ही बाजूंचे खांदे, म्हणजे अंगठा आणि तर्जनी जिथे टेकतात ते कोपरे, नव्या प्लायवर बहुधा धारदार असतात. लहान मुलांच्या बोटांना तिथे फोड येतात. ते गोल करायचे असतील तर आत्ताच करा. रबर लागल्यावर लाकडाचा भुसा त्याला चिकटतो.

## टप्पा ४: कोणतं रबर कुठे, ते आताच ठरवा

कोरडी शीट प्लायवर ठेवून बघा. कंपनीचं नाव आणि आंतरराष्ट्रीय महासंघाची खूण असलेला काठ मुठीकडे आला पाहिजे. स्पर्धेत या खुणा दिसणं सक्तीचं आहे. कात्रीने त्या कापून टाकलेल्या बॅटी माझ्याकडे आल्या आहेत. रबर अस्सल होतं, पण ते सिद्ध करायला काही उरलंच नव्हतं.

रंग: एक बाजू काळी असावी लागते. दुसरी काळ्याहून आणि बॉलच्या रंगाहून स्पष्ट वेगळी, भडक. पूर्वी ती लालच लागायची. ऑक्टोबर २०२१ पासून निळा, हिरवा, गुलाबी आणि जांभळा हे रंगही चालतात. फोरहँडला कोणता रंग घ्यावा यावर नियम काही म्हणत नाही.

मूठ जिथे सुरू होते तिथे, रबरचा खालचा काठ येईल अशी पेन्सिलची फिकट रेघ पट्टीने मारा. दोन्ही बाजूंची रेघ एकाच उंचीवर हवी. पेनहोल्ड, म्हणजे पेनासारखी बॅट धरणाऱ्यांनी बोटांपुरती जागा मोकळी सोडावी, नियम मुठीजवळचा तेवढा भाग उघडा ठेवू देतो.

तपासणी: शीट प्लायच्या काठाबाहेर सगळीकडून थोडी तरी उरते आहे ना? एखाद्या मोठ्या पानाच्या (मुठीवरच्या रुंद भागाच्या) प्लायला छोटी शीट पुरत नाही. हे ग्लू लावल्यावर कळून उपयोग नाही.

## टप्पा ५: ग्लू लावा

एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजूंना एकदम ग्लू लावून बॅट कुठे टेकवायची या विचारात पडलेले बरेच जण पाहिले आहेत, आणि त्या गडबडीत धूळ, केस, टेबलक्लॉथचे धागे सगळं चिकटतं.

पहिल्यांदा स्पंज. तो ग्लू पितो, त्यामुळे वाळायला जास्त वेळ लागतो. शीट पालथी ठेवा, मधोमध अर्धा चहाचा चमचा, फार तर त्याहून थोडा जास्त ग्लू ओता आणि चिमट्यातल्या तुकड्याने काठांकडे पसरत न्या. हात एकाच दिशेने चालवा. पसरायला तुमच्याकडे अर्धं-पाऊण मिनिट असतं. ग्लू आळायला लागल्यावर परत त्याच जागेवरून तुकडा फिरवलात की गुठळी होते. बारीक खडा वाटावा अशी ती गुठळी रबरखाली कायमची राहते आणि तिच्यावर पडलेला बॉल वाट्टेल तिकडे उडतो. गुठळी झालीच तर थर वाळू द्या, मग चिमटीत धरून ती काढा.

काठ विसरू नका. माझ्याकडे येणाऱ्या उचललेल्या कोपऱ्यांत निम्म्या वेळा मुठीकडच्या काठाला ग्लूच पोचलेला नसतो. शीटच्या बाहेर थोडा ग्लू गेला तरी चालेल, आत कमी पडता कामा नये.

स्पंजची छिद्रं डोळ्यांना सहज दिसत असतील तर पहिला थर पूर्ण वाळल्यावर दुसरा पातळ थर द्या. बारीक, घट्ट स्पंजला बहुधा एक पुरतो.

मग प्लाय. इथे एकच पातळ थर पुरे. लाकडावर ग्लूचं तळं साचवलंत तर पाणी लाकडात मुरतं आणि तंतू फुगून वर येतात.

## टप्पा ६: वाळू द्या, खरंच वाळू द्या

सगळं बिघडतं ते इथे.

ओला ग्लू पांढरा असतो, वाळल्यावर काचेसारखा पारदर्शक होतो. लाकडावर हा बदल लगेच कळतो. प्लाय ट्यूबलाइटखाली तिरपा धरा. एकही दुधी ठिपका दिसता कामा नये. काठाशी आणि जिथे ग्लू जाड पडला होता तिथे हे ठिपके शेवटपर्यंत रेंगाळतात. स्पंज पांढरट किंवा फिकट रंगाचा असेल तर मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. काठाच्या बाहेर कापून जाणाऱ्या भागावर बोटाची मागची बाजू टेकवा. गारवा किंवा ओल जाणवली तर अजून वेळ आहे.

किती वेळ? उन्हाळ्यात पुण्या-नागपुरात पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. जुलै महिन्यात मुंबईत किंवा कोकणात तोच थर पाऊण तास घेतो, कधी त्याहूनही जास्त. बाटलीवर लिहिलेली मिनिटं कोरड्या हवेतली असतात. घड्याळ नको, ग्लूचा रंग बघा.

ओल आत अडकली तर काय होतं ते समजून घ्या, म्हणजे घाई होणार नाही. रबरातून पाणी बाहेर जाऊ शकत नाही. ते लाकडात आणि स्पंजात मुरत राहतं. ग्लू आतल्या आत दह्यासारखा राहतो, पकड धरत नाही, आणि आठवड्याभरात मधोमध फुगा किंवा कोपऱ्याला फट दिसते. तेव्हा लोक ग्लूला दोष देतात.

सावध: हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका. वरचा पापुद्रा लगेच पारदर्शक होतो आणि खाली ओल तशीच राहते. वाळलंय असं वाटून तुम्ही रबर ठेवता आणि फसता. पंखा हळू वेगावर चालेल, पण थेट खाली नको, धूळ उडते. उन्हात तर रबर ठेवूच नका.

## टप्पा ७: रबर ठेवा, ओढू नका

स्पंजवरचा आणि लाकडावरचा वाळलेला ग्लू एकमेकांना टेकला की तिथेच पकडतो. सरकवून जागेवर आणायची सोय नाही, म्हणून पहिला स्पर्शच बरोबर व्हायला हवा.

शीट लाटण्याभोवती सैल गुंडाळा, स्पंज बाहेरच्या अंगाला ठेवून. प्लाय टेबलावर, मूठ तुमच्याकडे. मूठ जाड असल्याने प्लाय तिरका होतो, तेव्हा पानाखाली एखादी वही सरकवा. आता शीटचा मोकळा काठ दोन्ही अंगठ्यांनी पेन्सिलच्या रेघेवर टेकवा. मधला भाग आधी, मग दोन्ही कोपरे. इथे दोन सेकंद थांबा आणि काठ रेघेला समांतर आहे ना ते बघा. वाकडा असेल तर आत्ताच उचला. एवढ्या छोट्या पट्टीवर उचललं तर काही बिघडत नाही.

नीट बसला असेल तर लाटणं मुठीकडून टोकाकडे गडगडू द्या. पोळी लाटताना देतो तसा दाब इथे नको. लाटण्याचं स्वतःचं वजन आणि हाताचा आधार, एवढंच. रबर प्लायवर अंथरलं जातं, ताणलं जात नाही. हवा पुढच्या पुढे निघून जाते.

ओढून बसवलेलं रबर त्या दिवशी छान दिसतं, काठापर्यंत टम्म. पण रबर आपल्या मूळ मापाकडे परत जायला बघतं. रोज थोडं थोडं आक्रसत महिन्याभरात काठावर लाकूड उघडं पडतं. नियमाप्रमाणे रबर लाकडाच्या काठापर्यंत हवं, काठाबाहेर नाही आणि आखूडही नाही. पुढच्या वेळी ते रबर काढलंत की चपातीएवढं हवं ते पुरीएवढं झालेलं दिसतं, आणि ते परत कुठल्याच प्लायला लागत नाही.

कापलेलं जुनं रबर परत लावताना ओढायचा मोह सर्वांत मोठा असतो, कारण माप आधीच ठरलेलं असतं. एखादा मिलिमीटर कमी पडला तर मुठीकडे थोडी जागा उघडी राहू द्या. टोकाकडे ओढून भरपाई करू नका.

तपासणी: बॅट प्रकाशात तिरपी धरून पृष्ठभागाकडे बघा. फुगा दिसला तर सुईने टोचू नका, दाबून बाजूला सारायचा प्रयत्नही नको. जवळच्या काठापासून फुग्याच्या पुढेपर्यंत रबर अलगद उचला आणि पुन्हा लाटणं फिरवा. ग्लू नुकताच वाळलेला असेल तर परत पकडतो.

## टप्पा ८: वजनाखाली ठेवा

रबरवर स्वच्छ प्लास्टिकचा कागद, त्यावर दोन-तीन जाड पुस्तकं. तासभर पुरे. मूठ टेबलाच्या कडेबाहेर येऊ द्या, म्हणजे पान सपाट बसेल. गादीखाली किंवा पाण्याच्या हंड्याखाली ठेवणारेही आहेत. एवढ्या वजनाने स्पंज आणि रबरी कातडीचे आतले दाणे दबतात, त्यातून मिळत काहीच नाही.

## टप्पा ९: कापा

बॅट पालथी करा. रबर खाली, मॅटवर, आणि लाकूड वर. कटरचं पातं नवं हवं. जुनं पातं स्पंज कापत नाही, फाडतं, आणि काठ उंदराने कुरतडल्यासारखा होतो.

पातं लाकडाच्या काठाला टेकवा आणि त्याचं टोक अगदी किंचित बाहेरच्या अंगाला झुकवा, म्हणजे लाकडात घुसणार नाही. मुठीजवळच्या खांद्यापासून सुरुवात करा. पहिल्या फेरीत फक्त स्पंज कापा, दुसऱ्या फेरीत रबरची कातडी. एका फेरीत सगळं कापायला गेलं की जोर लागतो, आणि जोर लागला की पातं घसरतं. कटर जागच्या जागी ठेवून दुसऱ्या हाताने बॅट फिरवा. हात फिरवत नेलात तर वळणावर पाडलेले कोपरे दिसतात.

कात्री वापरणार असाल तर लांब घास घ्या आणि पाती शेवटपर्यंत मिटू नका. पूर्ण मिटलेल्या प्रत्येक ठिकाणी काठाला खाच पडते.

सावध: बॅट धरलेल्या हाताची बोटं पात्याच्या वाटेत येणार नाहीत असं धरा. शाळकरी मुलांनी हा टप्पा मोठ्यांकडून करून घ्यावा. बाकीचे टप्पे त्यांनी स्वतःच करावेत, त्यातूनच ती बॅट जपायला शिकतात.

आता दुसरी बाजू, टप्पा ५ पासून पुन्हा. झालेली बाजू स्वच्छ मऊ कापडावर पालथी ठेवा. दुसऱ्या बाजूला पहिल्या रबरचा काठ कटरला लागू नये म्हणून कापताना जास्त लक्ष द्या. माझ्या हातून पहिली कापाकापी बिघडली ती इथेच. दुसरं रबर कापताना आधी लावलेल्या नव्या रबरला चीर गेली होती, आणि ते रबर एका मुलाचं होतं.

## टप्पा १०: काठाची टेप

टेप शेवटी, आणि ती लाकडाचा काठ टेबलावर आपटण्यापासून वाचवण्यासाठी. रबर धरून ठेवायचं काम तिचं नाही. कोपरा सुटलाय म्हणून वरून टेप मारणं म्हणजे फाटक्या छपरावर रंग देणं.

साधारण १० ते १२ मिलिमीटर रुंदीची टेप बहुतेक बॅटींना बसते. लाकडाचा काठ मधोमध आणि दोन्ही बाजूंना थोडाथोडा स्पंज झाकला जातो. टेप रबरच्या पृष्ठभागाच्या वर डोकावता कामा नये, नाहीतर काठाला लागलेला बॉल टेपवरून जातो. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत न ताणता लावत जा. ताणलेली टेपही रबरसारखीच आक्रसते आणि टोकं सुटतात.

## टप्पा ११: खेळायच्या आधीची तपासणी

काठावरून चहूकडे नख फिरवा. नख कुठेही आत शिरता कामा नये.

मग बॅट आडवी धरून त्यावर बॉल हलके उडवा आणि ऐका. मध्यभागी, टोकाशी, दोन्ही बगलांना. आवाज सगळीकडे सारखा नसतो, काठाकडे तो थोडा बदलतोच. पण एखाद्या ठरावीक जागी एकदम पोकळ, फटफट आवाज आला तर तिथे खाली हवा आहे. माझ्या अनुभवात डोळ्यांना न दिसलेले फुगे कान पकडतो.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बॅट ठेवा आणि आकडा वहीत लिहा. स्पंजवाली दोन रबरं लावलेली बॅट साधारण १७० ते १९० ग्रॅम भरते. पुढच्या वेळी तीच रबरं लावून वजन चार-पाच ग्रॅमने वाढलं, तर जुना ग्लू साफ केलेला नाही हे कळतं.

रबरवर कुठलंही तेल, बूस्टर (स्पंज फुगवून रबर वेगवान करायचं द्रव) किंवा घरगुती मिश्रण लावू नका. मान्यताप्राप्त रबर कोणत्याही प्रक्रियेविना, जसं आहे तसंच वापरायचं, असा नियम आहे. साफ करायला ओला स्पंज पुरतो. पुसून कोरडं झालं की वरून प्लास्टिकचा कागद.

स्पर्धा असेल तर हे सगळं निदान एक दिवस आधी आटपा. सामन्याआधी प्रतिस्पर्ध्याला आणि पंचांना बॅट तपासू द्यावी लागते, आणि सामना सुरू झाल्यावर बॅट बदलता येत नाही. अपघाताने खेळण्यालायकच उरली नाही तरच ती बदलू देतात. म्हणजे पहिल्या गेमला उचललेला कोपरा तुम्हाला शेवटच्या पॉइंटपर्यंत वागवावा लागतो.

दोन सामन्यांच्या मधे वेळ असेल तर त्या कोपऱ्याची दुरुस्ती होते. बॅगेत ग्लूची छोटी बाटली आणि दोन टूथपिक ठेवा. टेपचं टोक सोडवा, कोपरा सहज उघडतो तेवढाच उघडा, टूथपिकने आत दोन्ही अंगांना ग्लूचा पातळ हात फिरवा. दुसरी टूथपिक फटीत आडवी ठेवून कोपरा उघडा राहू द्या. आत बघत राहा. दुधी रंग पूर्ण गेला की टूथपिक काढा आणि अंगठ्याने दोन मिनिटं दाबून धरा. सामन्याची हाक आली आणि आत अजून पांढरं दिसत असेल तर दाबू नका. टूथपिक काढा, वरून टेप गुंडाळा, तसेच खेळा, आणि घरी गेल्यावर तो कोपरा नीट साफ करून पुन्हा चिकटवा.